तिकिटाचा दर आणि मैदानाचा आवाज

सन २०२०–२१ च्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एक गोष्ट अशी घडली, की जी त्या देशाच्या अव्वल श्रेणीच्या फुटबॉलमध्ये पूर्वी कधीही घडली नव्हती. महामारीमुळे बहुतेक सामने रिकाम्या मैदानांवर खेळवावे लागले, आणि हंगामाअखेर हिशेब मांडला तेव्हा ३८० सामन्यांपैकी यजमान संघांच्या खाती १४४ विजय जमा होते, तर पाहुण्या संघांच्या खाती १५३. मैदाने तीच होती, हिरवळ तीच होती. प्रेक्षक तेवढा नव्हता. स्वतःच्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला पिढ्यान्‌पिढ्या जो लाभ मिळत आला, त्याचा मोठा भाग भोवती बसणाऱ्या हजारो कंठांतून येत होता, अशी साक्ष त्या मुक्या हंगामाने दिली. फुटबॉलचे तिकीट काढणारा मनुष्य सामना पाहतो आणि काही अंशी तो घडवितोही. म्हणूनच त्या तिकिटाच्या दराचा विचार सामान्य देवघेवीच्या मापाने करता येत नाही.

इंग्लंडमध्ये हा खेळ वाढला तो गिरण्या, गोद्या आणि खाणी यांच्या सावलीत. शनिवारी अर्धा दिवस भरून सुटलेला कामगार चार पैसे देऊन मैदानात शिरे, आणि उघड्या पायऱ्यांवर आपल्या गल्लीतील सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राही. लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानाची ‘कोप’ नावाची बाजू ही अशा पायऱ्यांपैकी सर्वांत विख्यात. दक्षिण आफ्रिकेतील ज्या स्पिऑन कोप टेकडीवर १९०० साली घनघोर लढाई झाली, आणि जेथील जखमींना गांधीजींच्या हिंदी शुश्रूषा पथकाने वाहून नेले, त्या टेकडीचेच नाव या बाजूला मिळाले. तेथे कोणी कोठे उभे राहावे याचा हुकूम नव्हता. ज्याला गायचे असे तो गाणाऱ्यांत जाई, आणि बापाच्या बोटाला धरून आलेला मुलगा काही वर्षांत स्वतःच्या मित्रांसह त्याच गर्दीत सामील होई. समूहगीतांची परंपरा तेथे कोणी शिकविली नाही. ती वहिवाटीने चालत आली.

या जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना तिचे भीषण अंग झाकून ठेवणे मात्र अन्यायाचे होईल. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्या सामन्याच्या वेळी, लोखंडी कुंपणांनी बंदिस्त केलेल्या पायऱ्यांवर प्रमाणाबाहेर माणसे सोडली गेली, आणि त्या चेंगराचेंगरीने अखेर ९७ जणांचा बळी घेतला. दोष प्रेक्षकांच्या माथी मारण्याचा प्रयत्न दीर्घकाळ झाला. परंतु २०१६ साली ज्यूरीने प्रेक्षकांना निर्दोष ठरवून पोलिसांच्या गर्दी-नियंत्रणातील अपराध नोंदविला. या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० च्या अहवालात मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला आसन असावे अशी शिफारस केली, आणि तिची अंमलबजावणी होऊन १९९४ साली कोपवरील उभ्या पायऱ्याही इतिहासजमा झाल्या.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. आसने आली म्हणजे गरीब प्रेक्षक बाहेर फेकला जावा, असे न्यायमूर्तींच्या मनात मुळीच नव्हते. ग्लासगोच्या इब्रॉक्स मैदानावर उभे राहण्यास ४ पौंड आणि बसण्यास ६ पौंड पडतात, याचा दाखला देऊन, स्वस्तातले आसन उभ्या प्रेक्षकाच्या खिशाला परवडेल अशी दराची मांडणी शक्य आहे, असे त्यांनी नमूद केले होते. शिफारशीचा पहिला भाग सरकारने आणि क्लबांनी मानला; दुसरा दप्तरात राहिला. १९९२ साली प्रीमियर लीग स्थापन झाली, दूरचित्रवाणीचा पैसा वाहू लागला, आणि पुढील दोन दशकांत तिकिटांचे दर महागाईला कितीतरी मागे टाकून चढत गेले. सुरक्षिततेसाठी केलेली सुधारणा आणि नफ्यासाठी केलेली दरवाढ या दोन निराळ्या गोष्टी होत्या. पहिलीच्या आडोशाने दुसरी आत आली.

दरवाढीने वातावरण कसे पालटते, हे समजण्यास फार खोल जावे लागत नाही. गाण्याची सुरुवात मैदानात नेहमी एखाद्या टोळक्यापासून होते, आणि ते टोळके बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीच्या तरुणांचे असते. नेमका हाच वर्ग कमाईत सर्वांत तोकडा असल्यामुळे दर वाढताच तो प्रथम गळतो. जे उरतात त्यांची आसने क्रमांकवार ठरलेली असल्याने चार मित्र चार कोपऱ्यांत विखुरतात. त्यांच्या जागी जो येतो, तो वर्षातून एकदाच मोठी रक्कम मोजून, दुरून प्रवास करून आलेला असतो; त्याचे खेळावरील प्रेम खोटे नव्हे, पण शेजारचा कोण हे त्याला ठाऊक नसते आणि गीते त्याच्या ओठांवर नसतात. अशा रीतीने मैदान भरलेले राहते आणि तरीही शांत होते.

क्लबांचे म्हणणे असे, की मागणी आहे, सर्व जागा विकल्या जातात, आणि नामांकित खेळाडूंचे वेतन कोठून तरी द्यावेच लागते. परंतु प्रीमियर लीगच्या एकूण महसुलात सामन्याच्या दिवशीची प्राप्ती पाचव्या हिश्शाहूनही कमी असते. सर्वांत मोठा ओघ प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो. दूरदेशीचा मनुष्य पडद्यासमोर बसून जे विकत घेतो, त्यात त्या गर्जनेचाही अंश असतो. ती गर्जना करणाऱ्यालाच दाराबाहेर ठेवणे हा धंद्याच्या दृष्टीनेही खोटाच हिशेब ठरतो.

प्रेक्षकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरील सामन्यासाठी पाहुण्या समर्थकांकडून ६२ पौंड मागण्यात आले, तेव्हा मँचेस्टर सिटीच्या वाट्याची ९१२ तिकिटे न विकता परत गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांवर नेण्याची तजवीज जाहीर केली, तेव्हा संडरलंडविरुद्ध आपला संघ दोन गोलांनी पुढे असताना, बरोबर ७७ व्या मिनिटाला, सुमारे दहा हजार माणसे उठून बाहेर पडली. उरलेल्या मिनिटांत संडरलंडने दोन गोल करून बरोबरी साधली. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी प्रीमियर लीगने पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली.

जर्मनीने मात्र हा मार्ग मुळातच निराळा आखला. तेथे १९९८ पासूनच्या नियमानुसार, मोजके अपवाद वगळता, क्लबच्या मतांचे आधिक्य सभासदांकडेच राहावे लागते. म्हणून दर ठरविणाऱ्यांना सभासदांसमोर उत्तर द्यावे लागते. डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण बाजूस सुमारे पंचवीस हजार लोक आजही उभे राहून सामना पाहतात, आणि तेथील तिकीट स्वस्तात मिळते. तीच जागा आसने टाकून, चढ्या दराने विकणे त्या क्लबला अशक्य नाही. पण युरोपभर त्याची जी कीर्ती आहे ती ‘पिवळी भिंत’ म्हणविणाऱ्या या गर्दीमुळे, हे तो जाणतो. इंग्लंडनेही २०२२ पासून, प्रत्येक रांगेत कठडा असलेल्या परवानाधारक जागी उभे राहण्याची मुभा पुन्हा दिली आहे. सुरक्षितता आणि उत्साह यांचे वैर नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते.

हा विषय आपल्याला परका नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा किंवा दिलबहार तालमीचा संघ उतरतो, तेव्हा त्याच्यामागे सबंध पेठ उभी असते, कारण पेठेतल्या पोरालाही तेथे शिरणे परवडते. व्यावसायिक लीगच्या या काळात जे कोणी मुंबईत, गोव्याच्या फातोर्ड्यात किंवा कोल्हापुरात दरपत्रक तयार करतील, त्यांनी एका बाजूच्या जागा विद्यार्थी आणि कष्टकरी यांच्यासाठी कायम स्वस्त ठेवाव्यात, आणि मित्रांना एकत्र बसू द्यावे. इंग्लंडला हा धडा पंचवीस वर्षांनी मिळाला. आपण तो आधीच शिकावा.