गावातील कुत्रा कोणाचा?

खेड्यात पाळीव आणि भटका हा भेद फारसा टिकत नाही. गोठ्याची वा खळ्याची राखण करणारा कुत्रा रात्री दाराशी असतो आणि दिवसा गावभर हिंडतो. त्याला भाकरी घालणारे घर असते. मात्र गळ्यात पट्टा नसतो आणि लसीची नोंदही नसते. तो कोणाला चावला, की 'आमचा नव्हे' असे उत्तर मिळते.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनाशक औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, तर भटक्या कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेकडे आहे. मालकच ठरत नसेल, तर दोन्ही जबाबदाऱ्या कागदावर राहतात. ग्रामसभेने घरोघरच्या कुत्र्यांची साधी यादी केली, तरी निम्मे काम होईल.

गोव्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मोहीम राबवली. पथके दारोदार गेली. घरची कुत्री हातात धरून, तर मोकाट कुत्री जाळ्यात पकडून टोचली. लसीकरणाचे प्रमाण वाढत जाऊन वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांपर्यंत पोहोचले. २०१३ ते २०१९ या काळाच्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधील रेबीजची मासिक प्रकरणे ९२ टक्क्यांनी घटली आणि २०१८ व २०१९ या वर्षांत रेबीजने मानवी मृत्यू झाला नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो; म्हणून ७० टक्के कुत्र्यांना लस हे उद्दिष्ट मानले जाते.

मोकाट कुत्र्यांची झळ माळरानालाही बसते. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावरील अभ्यासात खोकड कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा टाळतात, असे दिसून आले. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा देशातील पहिला जनुकीय पुरावा २०२३ साली प्रसिद्ध झाला. ही कुत्री रानटी नव्हेत. त्यांचे पोट बहुतांशी माणसाच्या अन्नावर भरते.

चावा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच आरोग्य केंद्र गाठावे. हळद, चुना किंवा तिखट लावू नये.

नको असलेली पिल्ले, त्यातही मादी पिल्ले, वेशीबाहेर सोडण्याची रीत अनेक गावांत आहे. मादी साधारण वर्षाच्या आत विण्यायोग्य होते, त्यामुळे सोडलेले पिल्लू लवकरच नव्या टोळीचे मूळ ठरते. शहरांतून पकडलेली कुत्री शिवारात आणून सोडली जातात, ही खेड्यांची तक्रारही जुनीच आहे. नियमानुसार नसबंदी आणि लसीकरणानंतर कुत्रे पकडलेल्या जागीच परत सोडावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी हेच तत्त्व कायम ठेवले. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली.