श्वसनयंत्र सुसह्य कसे होईल?

घोरणे ही गाढ झोपेची खूण होय, अशी समजूत ग्रामीण भागात अद्यापि आढळते. परंतु मोठ्याने घोरणारा मनुष्य मधेच निःशब्द होतो, काही सेकंद त्याचा श्वास थांबतो व मग तो दचकून पुन्हा श्वास घेऊ लागतो, असे रात्रभर घडत असेल तर तो विकार समजावा. त्यास स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटल्यामुळे तो होतो. श्वासातील असे अडथळे तासाला 5 ते 15 असल्यास विकार सौम्य, 15 ते 30 असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास तीव्र मानला जातो. अशा रुग्णास रक्तदाब जडण्याचा संभव वाढतो आणि दिवसा अनावर पेंग येते. निपाणीजवळील तवंदी घाटातून रात्री मालमोटार हाकणाऱ्या चालकास ही पेंग किती महाग पडेल, हे सांगावयास नको.

यावरील प्रमुख उपाय सीपॅप हे यंत्र होय. ते नळी व मास्क यांच्या द्वारे सौम्य दाबाची हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. त्या काळी मास्क दर रात्री चेहऱ्यास चिकटवावा लागे! त्या मानाने आजचा रुग्ण सुखी आहे. तरीही पुष्कळ जण आठ-पंधरा दिवसांत यंत्र फळीवर ठेवून देतात. यंत्राने विकार समूळ जात नाही. ते लावले त्या रात्रीपुरताच त्याचा गुण येतो. म्हणून त्याचा जाच कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे.

बहुतेक तक्रारींचे मूळ मास्कमध्ये असते. हवा निसटू लागली की रुग्ण पट्टे करकचून आवळतो. त्याने नाकावर वळ उठतात आणि गळती मात्र थांबत नाही. मास्क योग्य मापाचा घ्यावा व पट्टे आडवे पडून, यंत्र चालू ठेवून बेताचे बांधावेत. मिशी राखणाऱ्यांनी चिंता करू नये. नाकपुड्यांशी बसणारा लहान मास्क त्यांना बहुधा सोयीचा पडतो. तोंड उघडे राहत असल्यास नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क मिळतो. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवावी, कारण चेहऱ्याच्या तेलकटपणामुळे ती घसरते. जीव घुसमटत असेल तर दिवसा, जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसण्याचा सराव करावा. हवेचा दाब हळूहळू वाढविण्याची सोयही बहुतेक यंत्रांत असते. ठरवून दिलेला दाब मात्र डॉक्टरांना विचारल्याविना बदलू नये.

नाक व घसा कोरडा पडणे ही दुसरी तक्रार. यासाठी यंत्रास हवा दमट करणारे पाण्याचे पात्र जोडतात. या भागात त्याचा वापर ऋतुमान पाहून करावा लागतो. खानापूरच्या पावसाळ्यात हवा आधीच ओली असते, तेथे दमटपणा कमी ठेवणे इष्ट. अथणीकडील उन्हाळ्यात तो वाढवावा. थंडीच्या रात्री नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. अशा वेळी यंत्र उशीच्या पातळीखाली ठेवावे व नळीस लोकरी कापड गुंडाळावे. पात्रात कूपनलिकेचे जड पाणी घालू नये, क्षारांचा थर बसतो; औषधांच्या दुकानातील डिस्टिल्ड वॉटर वापरून ते रोज बदलावे.

निपाणी परिसरात तंबाखूची बारीक धूळ घरात येते. तेथे यंत्राची गाळणी वरचेवर तपासून काळी पडताच बदलावी. धूम्रपानाने श्वासमार्गास सूज येते, ती गोष्ट वेगळीच. वीज वारंवार जात असल्यास इन्व्हर्टरची सोय विक्रेत्यास आधीच विचारून घ्यावी. पाण्याचे पात्र तापविण्यास वीज अधिक लागते, म्हणून बॅटरीवर असताना ते बंद ठेवल्यास यंत्र अधिक काळ चालते.