शाळेच्या आवारातला निवांत कोपरा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेचं आवार कसं होतं, हे आपण सर्वांनीच अनुभवलेलं आहे. तीन-चारशे मुलं एकाच वेळी जिने उतरतात. कुणी डबा उघडतं, कुणी पळतं, कुणी कुणाच्या पाठीत धपाटा घालून पसार होतं. मोठ्यांना हे दृश्य आवडतं, मलाही आवडतं. मुलांनी मोकळं व्हावं म्हणूनच तर ही सुट्टी असते. पण त्याच गर्दीकडे जरा नीट पाहिलं, तर कडेकडेने उभी असलेली काही मुलं दिसतात. एखादी मुलगी व्हरांड्याच्या खांबाला पाठ टेकून उभी असते. एखादा मुलगा पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसतो. सुट्टी कधी संपते, याची ही मुलं वाट पाहत असतात.

मी उद्यानरचनाकार आहे. इमारत बांधून झाल्यावर बाहेर जी जागा उरते, तिचा आराखडा करणं हे माझं काम. शाळांकडून बोलावणं येतं ते बहुधा 'जरा शोभा येईल असं काहीतरी करून द्या' असं सांगणारं. फाटकाशी हिरवळ, कुंड्यांची रांग, जमलं तर एखादं कारंजं. त्यातलं मुलांच्या वाट्याला फारसं काही येत नाही, कारण हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी असते! आज मला बोलायचं आहे ते मुलांना थोडा वेळ स्वस्थ बसता येईल अशा जागेविषयी.

आपण पाच ज्ञानेंद्रियं मोजतो. त्यांच्या जोडीला आणखी दोन जाणिवा सतत काम करत असतात. एक शरीराचा तोल सांभाळणारी, कानाच्या आतल्या भागातली. दुसरी स्नायू आणि सांध्यांमधून येणारी, हात-पाय कुठे आहेत ते सांगणारी. या सगळ्यांकडून येणाऱ्या माहितीची मेंदू सारखी निवड करत असतो. पंख्याची घरघर बाजूला टाकतो, बाईंचा आवाज ठेवतो. ही निवड सर्वांची सारखी होत नाही. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७२ साली या विषयावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून मुलांच्या वागण्याकडे या बाजूने पाहिलं जाऊ लागलं. काही मुलांना साधा आवाजही टोचतो, कुणाचा धक्का लागला तर अंगावर काटा येतो. उलट काहींना जास्त हालचाल लागते. ती लोंबकळली नाहीत, उकरलं-ढकललं नाही, तर वर्गात चुळबुळ करतात. स्वमग्न मुलांमध्ये हे ठळकपणे दिसतं. आपल्याकडे १९९५च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. २०१६च्या नव्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ती आली. ही मुलं आता नेहमीच्या शाळांमध्ये आहेत आणि मधली सुट्टी त्यांनाही असते.

एका तालुक्याच्या गावातल्या शाळेत मी गेले होते, तिथला चौथीतला एक मुलगा रोज सुट्टीत जिन्याखालच्या अडगळीत जाऊन बसायचा. दोन्ही कानांवर हात. सुट्टीनंतरच्या तासाला तो हमखास कुणाला तरी ढकलायचा आणि शिक्षा भोगायचा. 'हट्टी आहे' असं एका शिक्षकांनी मला सांगितलं. त्याच्या आईचं म्हणणं एवढंच होतं की, हा घरी असा नसतो. शाळेच्या मागच्या बाजूला करंजाची दोन मोठी झाडं होती आणि त्यांच्याखाली पेव्हर ब्लॉक घालून शिक्षकांच्या दुचाकींसाठी शेड उभारायचं जवळजवळ ठरलं होतं. मला बोलावलं होतं ते त्या शेडभोवती शोभेची झाडं सुचवायला. मी म्हटलं, शेड फाटकाजवळ घ्या आणि ही सावली मुलांना द्या. शाळा व्यवस्थापन समितीत यावर दोन बैठका झाल्या. सावलीत गाडी लावायची सवय सुटणं सोपं नसतं!

अशा जागेत पहिला विचार करायचा तो आवाजाचा. शाळांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असावं, तिथे दिवसा आवाजाची मर्यादा ५० डेसिबल असावी, असं सन २०००चे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात. आपलं सगळं लक्ष असतं ते बाहेरच्या भोंग्यांकडे. शाळेच्या आतला गोंगाट कुणी मोजत नाही. तीन बाजूंनी इमारत, खाली काँक्रीट, अशा चौकात आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि साठत जातो. तीच मुलं मातीच्या मैदानावर तेवढ्याच जोरात ओरडली, तरी इतकं कर्कश वाटत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. झाडांची एक रांग लावली की आवाज अडतो, असं आपण समजतो. तो फारसा अडत नाही. पानांमधून आरपार येतो. आवाज अडतो तो भरीव वस्तूने. मातीचा तीन-साडेतीन फुटी बांध घातला आणि मूल त्याच्या आड खाली बसलं, तर फरक कानाला कळतो. दुसरा उपाय अंतराचा. मोकळ्या जागेत आवाजाच्या ठिकाणापासूनचं अंतर दुप्पट केलं, की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. म्हणून निवांत कोपरा खेळाच्या मैदानाला चिकटून नको, आणि पाण्याच्या नळांपाशी तर नकोच. झाडांचा उपयोग वेगळा आहे. वाऱ्याने पानं सळसळतात आणि त्या सळसळीत दूरचा गोंगाट थोडा बुजतो.

आणि घंटा! पूर्वी लोखंडी रुळाच्या तुकड्यावर शिपाईमामा टोले द्यायचे. आता बऱ्याच ठिकाणी विजेची घंटा आहे, आणि ती नेमकी एखाद्या वर्गाच्या दाराशी असते. जी मुलं आवाजाला बिचकतात, त्यांचा अर्धा तास तिच्या धास्तीत जातो. ही घंटा उचलून दूरच्या भिंतीवर लावायला इलेक्ट्रिशियनचा एक दिवस पुरतो. माझ्या मते कुठल्याही शाळेने सुरुवात इथून करावी. बागेचं पुढे पाहता येईल.

आता बसण्याची जागा. बिचकलेल्या मुलाला गर्दीत यायचं नसतं, पण गर्दी दिसायला हवी असते. कुणी मागून येणार नाही याची खात्री आणि समोरचं सगळं दिसणारी नजर, अशी जागा माणसाला आवडते, असं इंग्लंडचे भूगोल अभ्यासक जे अ‍ॅपलटन यांनी १९७५ साली मांडलं. आपल्या गावच्या पारावर झाडाच्या बुंध्याला टेकून बसणाऱ्या म्हाताऱ्याला हे आधीपासून ठाऊक आहे. म्हणून लांबलचक सरळ बाकांपेक्षा लहान लहान ओटे बरे. एक एकट्यासाठी, एक दोघांसाठी, एक चार-पाच जणांसाठी. पाठीशी भिंत किंवा बांध, तोंड मैदानाकडे.

यावर शिक्षकांची शंका ठरलेली असते : आडोसा केला, तर तिथे मुलं काय करतील यावर लक्ष कसं ठेवायचं? शंका रास्त आहे. एकमेकांना छळणारी मुलंही आडोसाच शोधतात. त्याचं उत्तर उंचीत आहे. कुंपणाची झुडपं अडीच फुटांवर छाटत राहायची. बसलेल्या मुलाला आड मिळतो आणि उभ्या असलेल्या बाईंना सगळं दिसतं. शिवाय त्या जागेला आत-बाहेर जायला दोन वाटा हव्यात. एकच वाट असली आणि ती दुसऱ्या कुणी अडवली, तर आतल्या मुलाचा कोंडमारा होतो.

पायाखाली पेव्हर ब्लॉक शक्यतो नको. एप्रिलमधल्या दुपारी ते किती तापतात, हे हात लावून बघावं. पांढऱ्या काँक्रीटवरचं ऊन डोळ्यांत जातं ते वेगळंच. दाबलेला मुरूम, कोकणात जांभ्याचा चिरा, थोडी वाळू, थोडी माती, इतकं पुरतं. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं, तेव्हा वाट तरी खरबरीत असावी. व्हीलचेअर जाईल अशी एक रुंद, सपाट वाट हवीच. कारंजं नको. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि दोन वर्षांत पंप बंद पडतो.

झाडांबद्दल थोडक्यात. सावलीला करंज, बकुळ, कडुनिंब. बकुळ सावकाश वाढतो, पण त्याचा फुलांचा सडा मुलं ओंजळीत घेतात. शेवगा भराभर सावली देतो, मात्र फांदी ठिसूळ आणि मुलं चढणारच. हाताला आणि नाकाला तुळस, पुदिना, जाड मऊ पानांचा पानओवा. गवती चहाच्या पात्याची कड कापते, म्हणून तो वाटेपासून हातभर आत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, विषारी. रुईचा चीक डोळ्यांना घातक. ही शाळेत नकोतच. सप्तपर्णीच्या फुलांच्या उग्र वासाने मोठ्यांचंही डोकं उठतं, तर वासाला हळव्या मुलांचं काय होईल?

'हे शहरी, पैसेवाल्या शाळांचं खूळ आहे' असं मला ऐकवलं जातं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, तिथे ना इमारत होती, ना पैसा. मुलं जिथे स्वस्थ असतात तिथे शाळेने जावं, हा विचार आपल्याच मातीतला आहे. हिरवाईच्या उपयोगाचे पुरावेही आहेत. बार्सिलोनातल्या ३६ प्राथमिक शाळांमधल्या २,५९३ मुलांची वर्षभर पाहणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. शाळेच्या आवारात हिरवाई जास्त, तिथे मुलांची कामापुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता अधिक सुधारलेली आढळली. त्यातला काही भाग वाहनांचा धूर कमी असल्याचा होता, हेही संशोधकांनी सांगितलं. म्हणून चार झाडं लावली की गुण वाढतील, असं कुणी जाहिरातीत सांगू लागलं, तर विश्वास ठेवू नये.

त्या तालुक्याच्या शाळेत अखेर शेड फाटकाजवळ गेलं. करंजाखाली तीन ओटे झाले आणि एक वाळूचा हौद. पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकांनी दंगा करणाऱ्या दोघांना शिक्षा म्हणून तिथे बसवलं. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच दिवशी ते थांबवलं, ते बरं झालं. शिक्षेची जागा म्हणून नाव पडलं की तिथे आपणहून कुणी जात नाही. 'विशेष मुलांची जागा' अशी पाटीही लावू नये. तिथे पुस्तक घेऊन बसणारे असतात, भांडून रुसलेल्या मैत्रिणी असतात, आजी गेल्यावर पहिल्यांदा शाळेत आलेलं मूल असतं. जिन्याखालचा मुलगा ओट्यावर क्वचितच बसला. त्याला काम आवडलं ते भरलेली झारी दोन्ही हातांनी उचलून झाडांपर्यंत नेण्याचं. असं जड काम काही मुलांना शांत करतं. त्यानंतरच्या तासाला ढकलाढकली पूर्ण थांबली असं नाही, पण कमी झाली, असं त्याच्या बाई सांगत होत्या.

कुणाला आपल्या शाळेत हे करून पाहायचं असेल, तर आधी आठवडाभर सुट्टीत फक्त पाहावं. एकटी मुलं कुठे जातात, सावली कुठे असते, गोंगाट कुठे कमी असतो. मुलांनी जागा बहुधा शोधलेलीच असते. खड्डे मे महिन्यात काढून उन्हात तापू द्यावेत, पहिले दोन चांगले पाऊस झाले की रोपं लावावीत, आणि पुढच्या मे महिन्यात शाळा बंद असताना त्यांना पाणी कोण घालणार, हे नावानिशी आधीच ठरवून ठेवावं.