मोटारगाडीच्या रेडिएटरची दुरुस्ती

रेडिएटर हे मोटारगाडीच्या इंजिनातील अतिरिक्त उष्णता बाहेरील हवेत सोडणारे उपकरण होय. त्यास तडा गेल्यास शीतक द्रव गळतो, इंजिन प्रमाणाबाहेर तापते आणि प्रसंगी कायमचे निकामी होते. तडा कोठे गेला आहे व तो भाग कोणत्या पदार्थाचा आहे, यावरून रेडिएटर दुरुस्त करावा की बदलावा हे ठरते.

रचना

रेडिएटरचा गाभा अरुंद नळ्यांचा असून त्यांच्यामध्ये धातूच्या पातळ नागमोडी पट्ट्या असतात. गाभ्याच्या दोन्ही टोकांना टाक्या जोडलेल्या असतात. जुन्या गाड्यांत हे सर्व भाग तांबे व पितळ यांचे असत. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत गाभा ॲल्युमिनियमचा व टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. पाणी व इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण शीतक म्हणून वापरतात. झाकणामुळे आत दाब राखला जातो. हा दाब वातावरणापेक्षा १ बारने अधिक असल्यास साधे पाणीही सुमारे १२०° सेल्सिअसला उकळते.

कारणे व लक्षणे

वारंवार तापून व निवून प्लॅस्टिक ठिसूळ होते. रस्त्यावरील दगड लागून गाभ्यास इजा होते, तर केवळ नळाचे पाणी भरत राहिल्यास धातू आतून गंजतो. गाडीखाली रंगीत द्रवाचे थारोळे, गोडसर वास, जोडांवर वाळलेले डाग आणि तापमापकाचा चढता काटा ही तड्याची लक्षणे होत. तडा बारीक असल्यास थंड रेडिएटरमध्ये हातपंपाने दाब देऊन गळती शोधतात.

दुरुस्ती

तांबे-पितळी रेडिएटरचा तडा झाळकाम करून बुजवता येतो व ही दुरुस्ती टिकाऊ ठरते. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर असल्यामुळे त्याचे झाळकाम कठीण असते. प्लॅस्टिकच्या टाकीवर लावलेला इपॉक्सी लेप उष्णता व दाब यांपुढे फार काळ टिकत नाही. नवी टाकी मिळत नसल्यास संपूर्ण रेडिएटर बदलणे श्रेयस्कर. गळती थांबवणारी पूड गाडी कार्यशाळेपर्यंत नेण्यापुरती उपयोगी पडते. मात्र तिच्यामुळे अरुंद नळ्या तुंबू शकतात.

बदलण्याची रीत

थंड इंजिनातील शीतक भांड्यात काढून घेतात. रबरी नळ्या व पंखा सोडवून जुना रेडिएटर उतरवतात आणि नवा बसवतात. त्याच वेळी नळ्या, झाकण व थर्मोस्टॅट तपासतात. उत्पादकाने सांगितलेले शीतक भरल्यावर आत अडकलेली हवा काढून टाकणे अत्यावश्यक असते; अन्यथा नवा रेडिएटर असूनही इंजिन तापते.

सुरक्षितता

इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नये. दाब एकदम उतरल्याने आतील द्रवाची क्षणात वाफ होते आणि तोंड व हात गंभीररीत्या भाजतात. काटा लाल पट्ट्यात गेल्यास गाडी थांबवून इंजिन बंद करावे व ते पूर्ण निवू द्यावे. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. म्हणून काढलेले शीतक मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे आणि गटारात ओतू नये.