सोळा बार, ठरल्या ठोक्यावर

चायकोव्हस्कीने १८८० मध्ये '१८१२ ओव्हर्चर' लिहिलं तेव्हा तोफेच्या सोळा बारांच्या जागा स्वरलिपीतच नेमून दिल्या: पाच आधी, अकरा शेवटच्या जल्लोषात. नेपोलियनला रशियातून माघार घ्यावी लागली, त्या युद्धावरची ही रचना. सभागृहात तोफेचं काम बहुधा मोठ्या ढोलावर भागवतात. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात हिरवळीवर होणाऱ्या काही मैफलींत मात्र जुन्या घाटाच्या, ठासणीच्या तोफा आणतात. अशाच एका मैफलीत मी वाद्यवृंद सोडून गोलंदाजांकडे बघत उभी होते.

तोफांची तोंडं मोकळ्या रानाकडे, मधे दोरी. गोळा नसतोच. मोजून भरलेली दारूची पिशवी नळीत सारायची, गजाने ठासायची, मग तोफेच्या कानातून टोकदार तार घालून पिशवीला भोक पाडायचं. पूर्वी कानात रंजक भरून बत्ती देत. पण बत्ती लागल्यापासून बार होईपर्यंतचा वेळ दर खेपेला थोडा वेगळा पडतो, आणि संगीतात तेवढा फरकही खपत नाही. म्हणून इथे कानात विजेवर पेटणारी वात होती. तिच्या तारा एका पेटीपर्यंत आणलेल्या, दर नळीला एक बटण.

पेटीपाशी बसलेल्या बाईंची नजर संचालकाच्या हातावर होती. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तोफ वाद्यवृंदापेक्षा शंभर मीटर लांब असली, तर बार पाव सेकंदाहून उशिरा ऐकू येतो. त्या लयीत एवढा उशीर म्हणजे ठोका चुकलाच. म्हणून हात खाली येण्याआधीच बाईंचं बोट बटणावर पडत होतं. मला तर वादनच वाटलं ते!

उडालेली तोफ लगेच भरता येत नाही. आधी ओल्या बोळ्याने नळी पुसून आतली धग विझवावी लागते, नाहीतर नवी दारू ठासतानाच पेट घेईल. शेवटचे अकरा बार तर लागोपाठ येतात, म्हणून प्रत्येक बाराला वेगळी भरलेली नळी. त्यातली एक उडालीच नाही. बाईंनी पुढचं बटण दाबलं. मैफल संपल्यावरही बराच वेळ त्या नळीजवळ कुणाला जाऊ दिलं नाही.

टेलार्क कंपनीने १९७८ मध्ये सिनसिनाटीच्या वाद्यवृंदाकडून ही रचना ध्वनिमुद्रित केली, तेव्हा स्पीकर खराब होऊ शकतील असा इशारा तबकडीच्या वेष्टनावर छापावा लागला. घरातल्या यंत्राला हा बार पेलत नाही. संधी मिळाली तर तो मैदानातच ऐका, कानांत बोळे घालून.