अर्ध्या तिकिटात ज्वालामुखीच्या कातळावर

बाई एसटीत बसली की ती माहेरी, दवाखान्यात नाहीतर लग्नालाच निघाली असणार, असं सगळे धरून चालतात. आमच्या गटातल्या आम्ही मात्र नुसत्या फिरायला निघालो, मार्लेश्वरला.

रत्नागिरीहून देवरुख आणि तिथे गाडी बदलून मार्लेश्वरचा पायथा. वाटेत खिडकीतून जमीन बघत जा. किनाऱ्याकडच्या सड्यांवर तांबडा जांभा दिसतो, सह्याद्री जवळ आला की काळा कातळ. दोघांचं मूळ एकच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर थिजला. तोच हा काळा कातळ. ऊनपावसाने हाच कातळ कुजून त्याचा जांभा झाला. म्हणजे आपल्या घराचा चिराही ज्वालामुखीचाच!

पायथ्यापासून सुमारे ५०० पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर थांबत थांबत चढा. पावसाळ्यात धारेश्वर धबधबा भरून वाहतो, पण पायऱ्या निसरड्या होतात. गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. पाण्यात उतरू नका. गाडीतून उतरतानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारा आणि तासभर आधी खाली या.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. तरी ‘घरचं कोण बघणार?’ हा प्रश्न उरतोच. आम्ही पाळी लावली. निम्म्या गेलो, निम्म्यांनी पोरं-गुरं सांभाळली. पुढच्या महिन्यात त्या जातील. तुमच्या बैठकीत एवढंच ठरवा, पहिली पाळी कोणाची?