सीएनसीवर कोरलेली शिरोरेखा मध्येच खाली का उतरते?

घरच्या सीएनसी मशीनवर सागवानाच्या फळीवर नावाची पाटी कोरायला लावली. पहिली तीन अक्षरं झकास आली. चौथ्या अक्षरापाशी शिरोरेखा दीड मिलिमीटर खाली उतरली आणि पुढची सगळी अक्षरं त्या खालच्या रेषेतच ओळीने बसली. मशीन थांबलं नाही, स्क्रीनवर कसलीही सूचना आली नाही. काम संपल्यावर मशीनने मूळ जागेवर परत गेल्याचं सांगितलं, आकडे शून्य दाखवले. बिट मात्र शून्यापासून दीड मिलिमीटर बाजूला उभं होतं. सागवान वाया गेलं ते वेगळंच.

या दुखण्याला म्हणतात स्टेप मिस होणं. हौशी सीएनसीवाल्यांच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी याचा फोटो टाकतो. खाली उत्तरं ठरलेली असतात: करंट वाढव, मोठी मोटर घे, बोर्ड बदल. बरेचदा यातलं काहीच करायची गरज नसते, आणि करंट वाढवल्याने तर दुखणं बळावतंही.

आधी मशीन खोटं का बोलतं ते बघू. घरगुती सीएनसीत बहुतेक वेळा स्टेपर मोटर असते. नेहमीच्या स्टेपर मोटरचा एक फेरा 200 पावलांचा, म्हणजे एक पाऊल 1.8 अंशांचं. ड्रायव्हर त्या प्रत्येक पावलाचे आणखी 16 बारीक तुकडे करतो. म्हणजे एका फेऱ्याला 3200 पल्स. लोकप्रिय 3018 मशीनमध्ये (नाव पडलं ते 30 गुणिले 18 सेंटिमीटरच्या टेबलावरून) स्क्रू एका फेऱ्यात साधारण 4 मिलिमीटर सरकवतो, त्यामुळे 1 मिलिमीटरला 800 पल्स लागतात. बोर्डाचं काम एवढंच: मोजून पल्स सोडायचे. मोटर खरोखर तेवढी फिरली का, हे विचारायची सोयच त्यात नसते. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे सोडलेल्या पल्सची बेरीज. बिट प्रत्यक्षात कुठे आहे, याच्याशी त्या आकड्याचा संबंध मोटर इमानदारीने वागतेय तोवरच.

मोटर इमान कधी सोडते? तिच्या रोटरला 50 दात असतात आणि ते चुंबकाच्या ओढीने जागेवर धरलेले असतात. भार ओढीपेक्षा जास्त झाला की दात निसटतो आणि पुढच्या खाचेत जाऊन बसतो. म्हणून खरी निसटलेली मोटर कधी पाव किंवा अर्धं पाऊल चुकत नाही. ती एका दाताच्या हिशेबाने, म्हणजे 4 पूर्ण पावलांच्या पटीतच चुकते. 4 मिलिमीटरच्या स्क्रूवर हा एक दात म्हणजे फक्त 0.08 मिलिमीटर, डोळ्याला दिसणारही नाही. शिरोरेखा दीड मिलिमीटर उतरली असेल तर मोटर एका झटक्यात अठरा-एकोणीस दात घसरलेली असते. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनचं गणित वेगळं. तिथे 20 दातांच्या पुलीवर एका फेऱ्यात 40 मिलिमीटर सरकतं, त्यामुळे एक दात निसटला की थेट 0.8 मिलिमीटरची चूक.

मराठी पाटी कोरणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. रोमन लिपीत अक्षरं सुटी असतात, थोडी खालीवर झाली तर नजर चुकवू शकतात. देवनागरीत शिरोरेखा म्हणजे पट्टी लावून ठेवल्यासारखीच. ती कुठे तुटली, किती खाली गेली, एकदाच गेली की हळूहळू उतरत गेली, हे फळीवरच लिहिलेलं असतं. म्हणून वाया गेलेली फळी रागाने फेकून द्यायची नाही. निदान तिच्यावरच आहे.

रेषा एका ठिकाणी पायरीसारखी उतरली आणि नंतर सरळ राहिली, तर त्या क्षणी काहीतरी अडलं. बिट लाकडाच्या गाठीत अडकलं असेल, गँट्री कुठे घासली असेल, किंवा स्पिंडलची वायर क्लॅम्पमध्ये अडकून ताणली गेली असेल. वायरचं कारण ऐकायला फालतू वाटतं, पण हे फार वेळा घडतं आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतं. रेषा उतारासारखी हळूहळू घसरत असेल आणि नेहमी एकाच दिशेला, तर संशय सेटिंगवर. पल्सची दिशा उलटी लावलेली असेल तर मोटर दर वळणाला एखादं बारीक पाऊल चुकते. एक पाऊल काहीच नाही, पण बारीक नक्षीत अशी शेकडो वळणं असतात. वर्तुळ चपटं आलं, पण शेवटी बिट बरोबर शून्यावर परतलं, तर स्टेप मिस झालेलीच नाही. तो स्क्रू आणि नटमधला ढिलेपणा, ज्याला बॅकलॅश म्हणतात. आणि 100 मिलिमीटरचा चौकोन दर वेळी 98 मिलिमीटरचाच येत असेल, तर एका मिलिमीटरला किती पल्स हा आकडाच चुकीचा भरलेला आहे. चारही दुखणी वेगळी आहेत. ग्रुपवर मात्र चौघांना एकच औषध मिळतं.

झेड अक्षाचं दुखणं सगळ्यात महागात पडतं. स्पिंडलचं वजन खाली ओढत असतं, त्यामुळे मोटर निसटते ती बहुधा वर जाताना. बोर्डाला वाटतं बिट 5 मिलिमीटर वर उचललं, प्रत्यक्षात ते 3 मिलिमीटरच उचललेलं असतं. पुढची खाच त्यामुळे 2 मिलिमीटर जास्त खोल जाते, त्याच्या पुढची आणखी खोल. मग एका अक्षराकडून दुसऱ्याकडे हवेतून जायचं असतं, तेव्हा बिट लाकडातूनच फरफटत जातं किंवा क्लॅम्पवर आदळतं आणि तुटतं. तुटलेल्या बिटचा तुकडा स्पिंडलच्या वेगाने उडतो. म्हणून झेड शंकास्पद असताना चष्म्याशिवाय मशीनजवळ उभं राहायचं नाही, आणि मशीन चालू ठेवून चहाला तर मुळीच जायचं नाही.

तीन फेऱ्यांची चाचणी

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी मार्कर पेन घ्यायचं. मोटरचा शाफ्ट, कपलर आणि स्क्रू या तिघांवरून मिळून एक सरळ रेघ ओढायची. टेबलावर चिकटपट्टी लावून शून्याच्या जागी बारीक फुली मारायची. मग तीच फाइल तीनदा चालवायची.

पहिली फेरी स्पिंडल बंद ठेवून, बिट लाकडापासून चांगलं 20 मिलिमीटर वर. काम संपल्यावर बिट फुलीवर परत आलं नाही, तर लाकूड, बिट, खोली हे सगळे निर्दोष. गडबड मशीनमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. दुसरी फेरी तशीच हवेत, पण स्पिंडल चालू ठेवून. पहिलीत बरोबर आणि दुसरीत चूक, म्हणजे स्पिंडलचा विजेचा गोंगाट किंवा त्याची थरथर. तिसरी फेरी खऱ्या लाकडात. फक्त तिसरीतच चुकलं, तर कापण्याचा भार जास्त होतोय.

प्रत्येक फेरीनंतर मार्करची रेघ बघायची. ती तुटली असेल तर मोटरने सगळी पावलं नीट टाकली, शाफ्ट मात्र कपलरमध्ये घसरला. उपाय म्हणजे कपलरचा छोटा स्क्रू ॲलन कीने घट्ट करणे. शाफ्टची एक बाजू चपटी असेल तर स्क्रू त्या चपट्या बाजूवरच बसायला हवा. गोल बाजूवर बसलेला स्क्रू आज ना उद्या ढिला पडतोच. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. नवी मोटर मागवल्यावर हे सापडलं तर फार चिडचिड होते.

पहिल्याच फेरीत चुकलं तर?

मशीन पूर्ण बंद करून प्रत्येक स्क्रू हाताने हळूहळू फिरवायचा. भराभर नाही, कारण फिरवलेली मोटर जनित्रासारखी वागते आणि वीज उलटी बोर्डात सोडते. स्क्रू एका टोकाला हलका आणि दुसऱ्या टोकाला जड लागत असेल तर रॉड समांतर नाहीत किंवा कपलर तिरका बसलाय. सगळीकडे खरखर लागत असेल तर तेलात मिसळून चिकटलेला भुसा. तो पुसून काढायचा, त्यावर आणखी तेल ओतायचं नाही.

हात साफ सांगत असेल की सगळं हलकं आहे, तर मग वेग. स्टेपर मोटरचा स्वभाव असा की वेग वाढला की तिचं बळ कमी होतं. कॉइलमध्ये करंट भरायला थोडा वेळ लागतो, आणि पल्स भराभर यायला लागले की करंट पूर्ण भरायच्या आत पुढचं पाऊल येऊन ठेपतं. म्हणूनच 12 व्होल्टवर अडखळणारं मशीन 24 व्होल्टवर तोच वेग सहज पेलतं. अर्थात बोर्ड आणि ड्रायव्हर 24 व्होल्टचे आहेत हे बघूनच.

यात एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. फाइलमधला कापण्याचा वेग कमी केला, तरी स्टेप मिस होतच राहतात. कारण एका अक्षराकडून दुसऱ्याकडे हवेतून मारलेल्या उडीला फाइलमधला तो वेग लागू होत नाही. या उडीसाठी मशीन आपल्या सेटिंगमधला कमाल वेग वापरतं. 3018 सारख्या मशीनवर बहुधा जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर असतं. सिमेन स्वाले स्कोगस्रूड यांनी ते 2009 मध्ये सुरू केलं. त्यात $110, $111 आणि $112 हे तीन अक्षांचे कमाल वेग, तर $120 ते $122 हे वेग किती झटक्यात पकडायचा त्याचे आकडे. जुने आकडे लिहून ठेवून सगळे निम्मे करायचे. चूक थांबली तर थोडेथोडे वाढवत जायचं, पुन्हा चूक दिसली की तिथून चांगलं पाव हिश्श्याने मागे यायचं.

आता तो करंट. छोट्या ड्रायव्हरवर एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून करंट ठरतो. कमी असेल तर मोटर अशक्त. पण जास्त केला तर ड्रायव्हर तापतो आणि स्वतःला वाचवायला क्षणभर बंद पडतो. तेवढ्यात सोडलेले सगळे पल्स हवेत. लक्षण ओळखू येतं: पहिली वीस मिनिटं काम उत्तम, नंतर गडबड, आणि उन्हाळ्यात जास्त. अशा मशीनचा करंट वाढवणं म्हणजे आगीत तेल. तिथे हीटसिंक आणि छोटा पंखा लावायचा, किंवा करंट थोडा उतरवायचा.

मल्टिमीटरने मोजताना हिशेबही ड्रायव्हरप्रमाणे बदलतो. ए4988 ड्रायव्हरवर आर100 छापलेले रेझिस्टर असतील तर 1 अँपिअरसाठी 0.8 व्होल्ट लागतात. डीआरव्ही8825 वर त्याच 1 अँपिअरला 0.5 व्होल्ट पुरतात. ए4988 चा आकडा डीआरव्ही8825 वर लावला की करंट दीडपटीहून जास्त होतो. आणि वीज चालू असताना मोटरची वायर काढायची नाही, ड्रायव्हर जागीच जळू शकतो.

दुसऱ्या फेरीत चुकणाऱ्या मशीनची गोष्ट छोटी आहे. स्वस्त स्पिंडलमध्ये कार्बन ब्रशची मोटर असते, तिच्यात ठिणग्या उडतात. त्यांचा गोंगाट शेजारच्या वायरमध्ये शिरला की मोटर नको ती पावलं टाकते, लिमिट स्विच उगाच बोंब मारतो, नाहीतर लॅपटॉपचं कनेक्शन तुटतं. चूक कधी डावीकडे, कधी उजवीकडे. स्पिंडलची वायर बाकीच्यांपासून लांब न्यायची, सिग्नलसाठी जाळीची वायर घ्यायची आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करायची. भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमच्या प्लॅस्टिक नळीवर कोरड्या हवेत स्थिर वीज साचते, तोही याच टोळीतला.

तिसऱ्या फेरीतच चुकत असेल तर आधी बिट बदलून बघायचं. बोथट बिट लाकूड कापत नाही, ढकलतं. जळकट वास आणि काळे पडलेले काठ ही त्याची खूण. मग एका फेरीत 3 मिलिमीटर उतरण्याऐवजी 1 मिलिमीटर उतरायचं. वेळ वाढतो, पण 3018 सारख्या नाजूक सांगाड्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

काही जणांची चूक काम चालू असताना होतच नाही, बिट बदलताना होते. जीआरबीएलमध्ये मोटर थांबल्यावर क्षणात ढिली सोडायची सेटिंग मुळातच असते. पाना लावताना हात लागला की अक्ष सरकतो, वजनदार स्पिंडल आपोआपही खाली येतो. $1 चा आकडा 255 केला की मोटर थांबल्यावरही जागा धरून ठेवते, फक्त जरा जास्त तापते.

हे सगळं करून कंटाळलेल्यांसाठी बाजारात क्लोज्ड लूप स्टेपर मिळतात. त्यांच्या पाठीला एन्कोडर असतो. तो पाऊल चुकल्याचं ओळखून भरून काढतो, आणि ते जमलं नाही तर अलार्म देतो. अलार्मची वायर बोर्डाला जोडली असेल तर फळी अर्ध्यातच वाचते. किंमत साध्या मोटरपेक्षा बरीच जास्त. शिवाय एन्कोडर बसलेला असतो मोटरच्या शाफ्टवर, स्क्रूवर नाही. कपलरमध्ये शाफ्ट घसरत असेल तर ही महागडी मोटरही सगळं ठीक असल्याचंच सांगत राहते.